नेटवर्कमधली घड्याळं जुळवताना आलेले अनुभव लिहा

चाकणवाली:
काल सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री एकला लख्ख उजाडलेलं दिसलं आणि पोटात गोळाच आला. चाकणला होते तेव्हा कंपनीतून तांब्याची वायर चोरीला गेली. फुटेजवर वेळ रात्री ९:१०, म्हणून सेकंड शिफ्टच्या वॉचमनकाकांना धरलं, घरी बसवलं. मी फुटेज पुढे पळवत गेले तर रात्री एकला ऊन! फुटेज साठवणारा डीव्हीआर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. चोरी झाली पहाटे २:४०ला, काका तेव्हा घरी झोपलेले. मग कॅमेरे, नेटवर्क स्विच, हजेरीचं मशीन सगळं एका एनटीपी सर्व्हरला, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सर्व्हरला, जोडलं. एनटीपी फक्त यूटीसी देतो, टाइमझोन प्रत्येक डब्यात वेगळा भरावा लागतो, हे तेव्हा कायमचं डोक्यात बसलं.

भोसरीकर:
काकांना परत घेतलं का??

चाकणवाली:
हो, चार दिवसांनी. माफी मात्र कोणी मागितली नाही, ते अजून टोचतं.

पोर्ट१२३:
लाईट गेली की आमच्या सिस्को स्विचची घड्याळं १ मार्च १९९३ला जायची. कॉन्फिगमध्ये सर्व्हर लिहिलेला, तरी स्ट्रॅटम १६, म्हणजे सिंक नाहीच. दोन दिवस केबल बदलत बसलो. फायरवॉलवर यूडीपी १२३, म्हणजे एनटीपीचा पोर्टच, बंद होता.

मुक्ता:
आमच्याकडे सोमवारी सकाळी कोणालाच लॉगिन होईना. डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, सात मिनिटं पुढे. त्याची लॉगिनची पद्धत कर्बेरॉस, ती पाचच मिनिटांचा फरक चालवून घेते. कुकर लावलाय, बाकीचं नंतर

हिंजवडी_फेज२:
सर्ट-इन (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) हिच्या २०२२च्या घड्याळं जुळवण्याच्या आदेशानंतर आम्ही एनआयसी (सरकारी आयटी केंद्र) आणि एनपीएल (देशाची प्रमाणवेळ ठेवणारी प्रयोगशाळा) यांच्या सर्व्हरवर गेलो. वेळ घ्यायला सगळी यंत्रं बाहेर सोडू नका. आतले दोन-तीन सर्व्हर बाहेरून वेळ घेतील, बाकीचे त्यांना विचारतील. आणि बाहेरचे सोर्स दोनच ठेवू नका, भांडले तर खरा कोण ते कळत नाही. चार ठेवा.

भोसरीकर:
वेळेवरून आठवलं, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघितलीय का कोणी? ३० अँटेना लांब लांब पसरलेल्या, सगळ्यांचे सिग्नल वेळ जुळवूनच एकत्र करायचे. २८ फेब्रुवारीच्या सुमारास प्रदर्शन असतं, मुलांना नक्की न्या.

मुक्ता:
नारायणगावहून किती आत आहे? आई बरोबर असेल, फार चालवत नाही तिला.

भोसरीकर:
गाडी जाते ताई, साधारण पंधरा किमी. येताना द्राक्षं घ्या.

चाकणवाली:
आमच्या त्या वॉचमनकाकांचं गाव तिकडेच, जुन्नरजवळ. रिटायर होऊन बाग बघतात आता. जाणार असाल तर कळवा, फोन करून ठेवते त्यांना.