समोरचा एक दात काळवंडलाय, सुचवलेत आठ व्हेनिअर. काय करू?

चिंगी_वाघ
फोटोत ओठ मिटून हसायची इतकी सवय लागलीय, की आता फोटो नसतानाही ओठ आपोआप मिटतात. लहानपणी सायकलवरून पडले तेव्हा वरच्या पटाशीच्या एका दाताचा कोपरा उडाला. पुढे त्याचंच रूट कॅनाल झालं आणि आता तो राखाडी दिसतो. दोन पटाश्यांमध्ये बारीक फट आहे. बाकीचे दात धड, फक्त पिवळट. एका दंतवैद्यांनी वरच्या आठ दातांना व्हेनिअर सांगितलेत. दुखणं एका दाताचं आणि आठ? कोणी करून घेतलेत का?

रातकिडा
मी घेतलेत, सहा. नऊ वर्षं झाली, दिसतात झकास. एक मध्येच निखळला, कारण मी झोपेत दात खातो. आता रात्री गार्ड लावूनच झोपतो. व्हेनिअर म्हणजे पोर्सेलिनचा नखासारखा पातळ पापुद्रा. तो बसवायला बहुतेकदा दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, साधारण 0.3 ते 0.7 मिमी घासतात, आणि घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. 10-15 वर्षांनी बदलायची वेळ येते, म्हणजे एकदा त्या वाटेला लागलात की जन्मभर त्याच वाटेवर. मला पश्चात्ताप नाही, पण हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दंतकथा
पेशाने दंतवैद्य आहे. तोंड न बघता निदान सांगणार नाही, पण मी असते तर कुठल्या क्रमाने गेले असते ते सांगते.

आधी त्या दाताचा एक्स-रे. रूट कॅनाल जुनं आहे, मुळाशी काही शिजत नाही ना हे बघायलाच हवं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तेही आधी. (आणि हो, बऱ्याच जणांना वाटतं तसे स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं कीटण काढल्याने, दात हिलत नाहीत. हिललेला दात कीटणाने धरून ठेवलेला असतो, कीटण गेलं की तो उघडा पडतो.)

मग राखाडी दात आतून ब्लीच करता येतो. मागच्या बाजूने छोटं छिद्र करून, रूट कॅनालच्या भरणावर सिमेंटचा थर देऊन, सोडियम परबोरेट या रंग उडवणाऱ्या रसायनाचा लगदा आत बंद करतात. काही दिवसांनी बदलतात. दोन-तीन वेळा केलं की पुष्कळदा दात शेजाऱ्यांच्या रंगात येतो. बाकीच्या पिवळट दातांना रात्री घालून झोपायचे मापाचे ट्रे आणि त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची ब्लीच जेल. ही रात्रीची पद्धत 1989 पासून वापरात आहे. दात शिवशिवतात, थांबवलं की कमी होतं.

कोपरा आणि फट सगळ्यात शेवटी, काँपोझिट बाँडिंगने, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण चिकटवून. बऱ्याचदा दात घासावाही लागत नाही. ब्लीचनंतर मात्र निदान दोन आठवडे थांबायचं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन चिकटवणाऱ्या रसायनाची पकड बिघडवतो. उलट क्रमाने गेलात तर फसाल: भरलेल्या काँपोझिटचा रंग ब्लीचने उजळत नाही. काँपोझिटवर डाग पडतात, कडा टवकतात, काही वर्षांनी डागडुजी लागते. पण ती होते.

व्हेनिअर वाईट असं नाही. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे करडे पट्टे असतील, तर ब्लीच महिनोन्‌महिने करूनही थकतं. तिथे मीच व्हेनिअर सुचवते.

घरगुती_बाण
कोळशाची पूड आणि लिंबू. फुकट काम.

दंतकथा
लिंबातलं आम्ल इनॅमल मऊ करतं आणि पूड ते खरवडते. इनॅमल पातळ झालं की खालचं डेंटिन दिसतं, आणि ते मुळातच पिवळं. फुकट काम महागात पडेल.

तिरपागडी
फटीसाठी मी अलायनर, म्हणजे दात सरकवणारे पारदर्शक साचे, लावले होते. दिवसाचे 20 ते 22 तास. काम झालं म्हणून मी रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, कपाटात ठेवला आणि वर्षभरात फट परत हजर. दातांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली निघाली.

बाळू_दाढीवाला
घुसखोरी करतो. माझी एक दाढ काढलीय. ब्रिज की इम्प्लांट?

दंतकथा
साध्या ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या खोट्या दातासाठी, ते दोन दात घासून बारीक करावे लागतात. ते धडधाकट असतील तर जीवावर येतं. इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर खोटा दात. त्याला हाड पुरेसं हवं आणि टायटॅनियम हाडाशी एकजीव व्हायला सहसा तीन ते सहा महिने. सिगारेट ओढत असाल तर आधी ते सांगा. बाकी वेगळा धागा काढा.

चिंगी_वाघ
दुसरीकडे दाखवून आले. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग निघाला, म्हणजे तिथे खरंच काहीतरी शिजत होतं. आधी रूट कॅनाल नव्याने, मग ब्लीच. आठातला एक व्हेनिअर त्या डागाच्या डोक्यावर बसला असता! उघडं हसणं काही महिने पुढे गेलंय, चालेल. बाँडिंगच्या वेळी काही लक्षात ठेवू का?

दंतकथा
रंग जुळवणं भेटीच्या अगदी सुरुवातीला करायला सांगा, शक्यतो खिडकीच्या उजेडात. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून पांढरे दिसतात, आणि तो रंग निवडला तर भरलेला कोपरा नंतर वेगळा उठून दिसतो. शिवाय पक्कं चिकटवण्याआधी नुसतं काँपोझिट लावून आरसा दाखवतात का विचारा. नाही आवडलं तर नखाने निघतं.