मदत हवी आहे: प्राइमर खरखरीत आणि चिकट येतोय (तातडीचं)

ठाणेदार
मिनिएचर्सवर (गेममधल्या छोट्या फिगर्सवर) प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा थर, नीट बसत नाहीये. काळा स्प्रे मारला, वाळल्यावर हात लावला तर सँडपेपर! काही फिगर्स दोन दिवसांनीही चिकट आहेत, बोटांचे ठसे उमटतायत. डबा व्यवस्थित हलवला होता, व्हिडिओत दाखवतात तसंच सगळं केलं. रविवारी गेम आहे, तोवर निदान बेस कोट (मुख्य रंगाचा पहिला थर) तरी झाला पाहिजे. थिनरमध्ये बुडवून सगळं काढून टाकू का? लवकर सांगा, प्लीज.

गच्चीवरचा
थिनरची बाटली आधी बंद करा. एनसी थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लागलं तर रंगाबरोबर चेहरेही विरघळतील.
आता माहिती द्या: स्प्रे कुठला? फिगर्स कशाच्या? किती अंतरावरून मारला? कुठे, किती वाजता?

ठाणेदार
स्प्रे साधाच, मॅट ब्लॅक. फिगर्स प्लास्टिकच्या. अंतर म्हणजे हात लांब करून. संध्याकाळी गॅलरीत मारला.

पावशेर
जुलै महिना, ठाणे, संध्याकाळ, गॅलरी. अजून काय शोधायचंय? हवेत दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे मारूच नये. सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि रंगाचा विचका होतो. पाऊस उघडला की दुपारी १२ ते ३ मध्ये मारा आणि फिगर्स लगेच आत घ्या. दमटपणा मोजायला २०० रुपयांचा हायग्रोमीटर आणा, विषय संपला.

गच्चीवरचा
पावशेर, दमटपणाने रंगावर दुधी सायीसारखा थर येतो. काळ्यावर तो राखाडी दिसतो. हे तर खरखरीत म्हणतायत. हात लांब करून म्हणजे ५०-६० सेंमी झाले. तेवढ्या अंतरात रंगाचा थेंब हवेतच वाळतो आणि फिगरवर नुसती धूळ बसते. अंतर २० ते ३० सेंमी हवं. स्प्रे फिगरच्या बाहेर सुरू करायचा, सरळ ओढत न्यायचा, पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट उचलायचं. एका फटक्यात झाकायला जाऊ नका. पातळ थर, १०-१५ मिनिटं थांबा, फिगर फिरवा, पुन्हा पातळ थर.

पावशेर
दोन्ही कारणं असू शकतात की. ठाणेदार, अंगरख्याच्या घड्या आणि काखा टॉर्चखाली बघा. दाणे तिथेच जास्त असतील तर गच्चीवरचे बरोबर, सगळीकडे सारखा धुरकटपणा असेल तर मी.

बर्फाळ_बंड्या
कॅल्गरीहून. डबा गार असेल तर दाब कमी पडतो आणि रंग थुंकल्यासारखा येतो. मारण्याआधी डबा कोमट पाण्यात ५ मिनिटं धरायचा. उकळत्या पाण्यात अजिबात नाही, फुटेल. गराज १५ अंशांच्या खाली असेल तर मारूच नका.

पावशेर
बंड्याशेठ, ठाण्यात डबा तापवायचा? इथे तो कपाटातच कोमट असतो.

खडूस_काकू
स्प्रेचं खूळच सोडा. वाल्लेहो कंपनीचा सरफेस प्राइमर घ्या, पाण्यावरचा आहे, ब्रशने लागतो. जुना मऊ ब्रश, थोडासा प्राइमर, खालपर्यंत पसरवत न्यायचा, घड्यांत साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. पहिला थर डागाळलेला दिसेल, घाबरू नका, दुसऱ्यात झाकतो. वाळल्यासारखा लगेच दिसला तरी २४ तास जाऊ द्या, नाहीतर नखाने पापुद्रा निघतो. आणि घासू नका, तो पावडर होत नाही, सोलून येतो. ना पावसाची भानगड, ना शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांची.

गच्चीवरचा
काकू, ४० जणांची पलटण ब्रशने प्राइम करायची म्हणजे रविवार पुढचा उजाडेल.

खडूस_काकू
४० आहेत असं ठाणेदार कुठे म्हणाले?

शाडू
घरच्या शाडूच्या गणपतीला हाच स्प्रे चालेल का? मूर्ती ९ इंचांची आहे.

झिपऱ्या
शाडू, त्यासाठी वेगळा धागा काढा. ठाणेदार, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) घ्या. ०.४ मिमी नोझल, टाकीवाला कॉम्प्रेसर, १५-२० पीएसआय दाब, काकूंचाच प्राइमर दोन थेंब फ्लो इम्प्रूव्हर (रंग सहज वाहावा म्हणून) घालून. पावसाळ्यात घरात बसून काम होतं. फक्त पाइपला मॉइश्चर ट्रॅप लावा, नाहीतर कॉम्प्रेसरमधलं पाणी फिगरवर थुंकतो. सुईच्या टोकावर रंग वाळतो, तो अधूनमधून पुसायचा.

पावशेर
माणसाला रविवारी खेळायचंय आणि हा १०,००० रुपयांची खरेदी सांगतोय.

मूठभर_ऑर्क
चिकटपणाबद्दल कोणी बोलतच नाहीये. ठाणेदार, चिकट फिगरची तलवार बोटाने हलकेच वाकवा. रबरासारखी वाकून परत येते, की मोडेल असं वाटतं? हीच चाचणी खरखरीत असलेल्यांवरही करा. आणि प्राइमरआधी धुतल्या होत्या का?

ठाणेदार
वाकतायत! बोर्डगेमच्या डब्यातल्या आहेत त्या. वॉरहॅमर गेमच्या कडक आहेत, त्याच खरखरीत. दोन्ही एकाच पट्टीवर चिकटवून एकदमच मारल्या होत्या. धुवायच्या असतात?

मूठभर_ऑर्क
हे आधी सांगायचं की हो. तुमच्याकडे दोन वेगळे घोळ आहेत.

वाकणाऱ्या फिगर्स मऊ पीव्हीसीच्या आहेत. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतो. बऱ्याच स्प्रेंचं त्याच्याशी जमत नाही. रंग नीट कडक होतच नाही, वरून कितीही वाट बघा. पंख्याखाली ठेवून, उन्हात ठेवून फरक पडणार नाही. तिथे काकूंचं बरोबर: पाण्यावरचा, ब्रशने लावायचा प्राइमर. त्याआधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि टूथब्रश, कारण साच्यातून सुटायला लावलेला तेलकट अंश अंगावर राहिलेला असतो. वाकड्या तलवारी गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून सरळ करा आणि तशाच धरून गार पाण्यात घाला.

आत्ताचा चिकट थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. आधी एकाच फिगरवर करून बघा, २० मिनिटं भिजवून टूथब्रशने घासा. खिडकी उघडी, गॅस बंद.

कडक त्या पॉलिस्टायरीनच्या. त्यांचा दोष अंतराचा. कोरड्या टूथब्रशने घासा, वरची धूळ बरीचशी झडेल. डोळे, बकल, रिव्हेट स्पष्ट दिसत असतील तर २५ सेंमीवरून एकच पातळ थर. बुजले असतील तर त्याही आयसोप्रोपिलमध्ये.

झिपऱ्या
डेटॉल चालतं ना? रात्रभर बुडवायचं.

मूठभर_ऑर्क
चालतं, पण बाहेर काढल्यावर लगेच नळाखाली धरलं तर सुटलेल्या रंगाचा डांबरासारखा चिखल होतो. आधी बिनपाण्याच्या डेटॉलमध्येच घासून पुसायचं, मग साबण. शिवाय घराचा दवाखाना होतो.

खडूस_काकू
आणि मास्क. एन-९५ रंगाचे कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज बसवलेला मास्क लागतो.

ठाणेदार
घड्यांतच दाणे आहेत, म्हणजे गच्चीवरचे बरोबर. वॉरहॅमरच्या टूथब्रशने बऱ्याच सुधारल्या. रविवारी त्याच उतरवतो, बोर्डगेमच्या नंतर बघू. रंगवून झालं की वरून मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला तर चालेल ना? घरात आहे.

पावशेर
या हवेत? इथे माझा मुद्दा बरोबर येतो. मॅट व्हार्निश दमटपणात पांढरं पडतं आणि तेव्हा खाली तुमचं सगळं रंगकाम असतं. पाण्यावरचं व्हार्निश ब्रशने लावा, बाटली हळू उलटसुलट करून, जोरात हलवली तर फेस होतो. पांढरं पडलंच तर वरून ग्लॉसचा थर देऊन बघा, बऱ्याचदा धुरकटपणा जातो. मग पुन्हा मॅट.

शाडू
गणपतीचं राहिलं.