मदत हवी आहे: सोलरचे गरम पाणी येईपर्यंत बादलीभर पाणी वाया जाते

नमस्कार मंडळी,

आमचा सोलर हीटर गच्चीवर, न्हाणीघर तळमजल्यावर. सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की आधी नुसते गार येते. परवा बादलीत धरून मोजले, तर साडेसहा लिटर! पाइप पाऊण इंची, लांबी १८ मीटर. आतला व्यास २० मिमी धरला तर मीटरला ०.३१ लिटर पाणी मावते. म्हणजे साडेपाच लिटर पाणी पाइपातच रात्रभर निवत बसलेले असते, उरलेले पाइप तापेपर्यंत जाते. घरात चौघे, प्रत्येकाची अंघोळीची वेळ वेगळी. रोज २६ लिटर चांगले पाणी मोरीत जाताना बघवत नाही हो.

 

एकदा लागोपाठ अंघोळी करून पाहिल्या. दुसऱ्याच्या वेळी दीडच लिटर गार आले, पण रोज वेळा जमत नाहीत. सध्या ते पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरतो. आईला मात्र भरलेली बादली उचलायला सांगवत नाही.

प्लंबर म्हणतो, अर्धा इंची पाइप टाका. त्यात पाणी जवळपास निम्मेच मावेल हे खरे, पण आमच्याकडे प्रेशर पंप नाही. धार बारीक होईल का? की पाइपाला फोमचे आवरण घालू? पाइपातले गार पाणी टाकीत परत फिरवणारा पंप कोणी बसवला आहे का?

प्रतिसाद:
आवरण जरूर घाला, पण पहाटेची पहिली बादली त्याने वाचणार नाही. रात्रभरात आवरणातलेही पाणी निवते. दोन अंघोळींत अर्धा-पाऊण तास असेल तिथे फरक पडेल. अर्धा इंचीत धार नक्की कमी होणार, एवढ्या लांबीला मी तरी टाकणार नाही. पंपाला नळापासून सोलरच्या टाकीपर्यंत परतीचा पाइप लागतो, आणि पंप बटणावरच चालवा. सतत फिरत राहिला तर टाकीतली ऊब पाइपातच उडून जाईल. न्हाणीघरात विजेची सोय असेल तर सोलरच्याच लाइनवर १० लिटरचा साठवणीचा गीझर जोडा. पाइपातले गार पाणी त्यात शिरते, नळाला गरमच येते. फक्त आत गरम पाणी घेतलेले त्या गीझरला चालते का, ते आधी विचारून घ्या. ३ लिटरचा इन्स्टंट नको, ३ किलोवॅटचा असला तरी मिनिटाला ३ लिटर धारेला १४ अंशच चढवतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार. गीझरचे डोक्यातच आले नव्हते. न्हाणीघरात १५ अँपिअरचा पॉइंट आहे, अर्थिंग तपासून घेतो. जोडताना सोलरच्या बाजूला नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) लागेल का?