कंत्राटात प्रतीक्षायादीचं कलम कुठे आहे?

‘कौंटीने (अमेरिकेतल्या जिल्हा प्रशासनाने) व्यसनमुक्ती उपचारकेंद्राला पैसे मोजले, मग मुलं आईकडे परत का जात नाहीत?’ हा व्यसनामुळे आईपासून दूर केलेल्या मुलांबद्दलचा प्रश्न रास्त आहे, पण कंत्राटात पैसे नेमके कशाचे मोजतात तेही बघा. अमेरिकेच्या १९९७ च्या संघीय कायद्यानुसार मूल मागच्या २२ पैकी १५ महिने फोस्टर केअरमध्ये (सरकारने सोय केलेल्या, पालकांपासून दूरच्या सांभाळात) राहिलं, तर काही अपवाद वगळता पालकत्वाचे हक्क रद्द करण्याचा अर्ज राज्याला करावाच लागतो. कॅलिफोर्नियात तर तीन वर्षांखालचं मूल परत मिळवण्यासाठी पालकांना मिळणारी मदत सुरुवातीला साधारण सहाच महिन्यांची. मुदतवाढ मिळते, पण ती कोर्टाच्या मर्जीवर. त्यात दोन महिने उपचारकेंद्रात खाट रिकामी होण्याची वाट बघण्यात गेले, तर उरलं काय? व्यसन काही कोर्टाच्या तारखा बघून सुटत नाही!

२०१८ च्या फॅमिली फर्स्ट कायद्याने एक शहाणपणा केला: आई-मूल एकत्र राहतील अशा निवासी केंद्रात मुलाच्या खर्चाला १२ महिन्यांपर्यंत संघीय निधी मिळू शकतो. पण तशी केंद्रं हवीत ना. माझ्या मते कौंटीने निविदेतच लिहावं: सामाजिक कार्यकर्तीने पाठवल्यापासून किती दिवसांत प्रवेश, मुलांसाठी किती खाटा, आणि एकदा पाय घसरून पुन्हा नशा केली म्हणून आईला बाहेर काढायचं नाही.