पेक्टिनेज स्प्रे ड्राय केल्यावर निम्मंच उरतंय

सातपूरकर: द्राक्षरसासाठी वापरायचं पेक्टिनेज (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) २% सोडियम अल्जिनेटमध्ये (कॅल्शियमने जेल होणारा शेवाळातला पदार्थ) मिसळून स्प्रे ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेत थेंब फवारून, सुकवतोय. आत येणारी हवा (इनलेट) १८०, बाहेर जाणारी (आउटलेट) ९८ अंश. ॲक्टिव्हिटी निम्मी जाते. जेल व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घातलं की नोझल तुंबतं. काय करावं?

कोरडाठाक: इनलेटपेक्षा आउटलेट बघा. थेंब ओला असेतो बाष्पीभवनाने थंड राहतो, सुकत आला की एन्झाइम भाजतं. इनलेट १४० करा, फीड (आत जाणारं द्रावण) हळूहळू वाढवत आउटलेट ७०-७५ वर आणा. थोडं ट्रेहॅलोजही (एन्झाइम जपणारी साखर) घाला.

जेलबाबा: क्लोराइड लगेच विरघळतं, म्हणून जेल टाकीतच होतं. त्याऐवजी जवळपास न विरघळणारं डायकॅल्शियम फॉस्फेट घ्या, सोबत अमोनियाने पीएच ५.६ ला आणलेलं सक्सिनिक आम्ल. ड्रायरमध्ये अमोनिया उडतो, पीएच उतरतो, कॅल्शियम सुटतं आणि जाळं कणातच बनतं. फॉस्फेट तळाशी बसतं, फीड सतत ढवळा. एक्झॉस्ट बाहेर सोडा, वास डोळ्यांत पाणी आणतो!

गोदाकाठ: आउटलेट उतरवलं की भुकटी सायक्लोनला (हवेतून भुकटी वेगळी करणारं भांडं) चिकटते, नाशिकच्या पावसाळ्यात तर हमखास. आत येणारी हवा डिह्युमिडिफायरमधून घ्या, भुकटी लगेच फॉइल पाऊचमध्ये सील करा. आणि ॲक्टिव्हिटी मोजण्याआधी कण सायट्रेट बफरमध्ये पूर्ण विरघळवा. नाहीतर आत अडकलेलं एन्झाइमही मेलेलंच दिसेल.