मदत हवी आहे: पुराचे आणि हवामानाचे इशारे आई-आण्णांच्या फोनवर (आणि माझ्याही) वेळेत कसे येतील?

मळीरान

नमस्कार मंडळी,

माझं माहेर पलूस तालुक्यात, भिलवडीच्या जवळ, अगदी कृष्णाकाठी. घरी आई आणि आण्णा दोघंच असतात. आण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, पण दावणीला दोन म्हशी आणि एक गाय अजून आहे. मी पुण्यात, भाऊ मस्कतला. पावसाळा तोंडावर आला की आम्हा दोघा भावंडांची झोप उडते.

आमच्याकडचा पूर पावसाबरोबर येत नाही, ही खरी अडचण. पाऊस पडतो महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला आणि पाणी चढतं आमच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आई फोनवर सांगत होती, "अगं, इथं नुसती भुरभुर आहे." दुसऱ्या दिवशी नदीचं पाणी उलटं शिरून ओढ्याला फूग आली आणि गावातून बाहेर पडायचा रस्ता गेला. घरात पाणी नंतर आलं, गाव आधी तुटलं. माणसं तासाभरात निघू शकतात हो, पण जनावरं, त्यांची वैरण, आईची औषधं, कागदपत्रं हे सगळं हलवायला ट्रॅक्टर मिळेपर्यंतच अर्धा दिवस जातो. म्हणून मला इशारा हवा आहे तो रस्ता बंद व्हायच्या आधीचा.

आण्णांकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यावर मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसतात. आईकडे स्मार्टफोन आहे, त्यावर ती व्हॉट्सॲप आणि यूट्यूब बघते, बाकी काही नाही.

तर विचारायचं असं की सरकारी इशाऱ्यांसाठी नंबर कुठे नोंदवायचा असतो का? आई-आण्णांचे नंबर नोंदवता येतील का, आणि मला पुण्यात बसून तेच मेसेज मिळतील का? ॲप बरीच दिसतात: मौसम, सचेत, दामिनी, मेघदूत. यातलं आमच्या कामाचं नेमकं कोणतं? आणि सांगली जिल्ह्याचा हवामान इशारा लावून ठेवला तर त्याचा पुरासाठी काही उपयोग होतो का?

व्हॉट्सॲपवर फिरणारे "धरणाचे दरवाजे उघडले, पळा" छापाचे फॉरवर्ड नको आहेत. त्यांनी आईचं बीपी वाढतं, दुसरं काही होत नाही. प्रत्यक्ष वापरलेलं कुणी काही सांगितलं तर फार मदत होईल.

---

रेंज_आहे_का

ताई, दूरसंचार क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आपत्तीचे जे सरकारी मेसेज येतात ते तुमच्या नावावर किंवा नंबरवर ठरत नाहीत, टॉवरवर ठरतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' यंत्रणेत हवामान विभाग, केंद्रीय जल आयोग, राज्याचा आपत्ती विभाग असे सगळे आपापले इशारे घालतात. मग धोक्याचा भाग नकाशावर आखला जातो आणि त्या भागातल्या टॉवरवर जे फोन असतील त्यांना एसएमएस जातो. नोंदणीची गरज नाही. म्हणजे आई-आण्णांना तो आपोआप येईल, आणि पुण्यातल्या तुमच्या फोनवर येणार नाही, कारण तुमचा फोन पुण्याच्या टॉवरवर आहे. सिम सांगलीत घेतलेलं असलं तरी फरक पडत नाही.

दुसरा प्रकार सेल ब्रॉडकास्टचा. 2023 मध्ये देशभर चाचण्या झाल्या तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवत असेल. तो साधा एसएमएस नव्हता. टॉवर एकाच वेळी सगळ्या फोनना हाक देतो, त्यामुळे नेटवर्कवर गर्दी असली तरी तो पोचतो. इंटरनेट लागत नाही. आईच्या फोनवर ते चालू आहे का हे मात्र बघून घ्या. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' आणि त्यात 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' असतं. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'अलर्ट' टाइप करा. चाचणीच्या वेळी आवाजाला घाबरून कित्येकांनी तिथली बटणं बंद करून टाकली आणि ती आजतागायत बंदच आहेत.

आण्णांच्या फोनबद्दल: त्या फोनची मेसेजची जागा भरलेली असेल तर नवा एसएमएस आतच येत नाही. रिचार्जच्या जाहिरातींनी ती हमखास भरते. आधी ती रिकामी करा. मराठी अक्षरं दाखवणारा बटणांचा फोन दुकानात मिळतो, पण घेताना दुकानातच एक मराठी मेसेज पाठवून बघा.

---

घाटमाथा_सातारा

मळीरानताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. सांगली जिल्ह्याचा इशारा लावून तुम्हाला पूर कळणार नाही. जिल्ह्याचा अर्धा भाग जत-आटपाडीसारखा कोरडा, त्यामुळे सांगलीवर हिरवा किंवा फार तर पिवळा रंग दिसत असतो आणि तिकडे कृष्णा पात्राबाहेर पडलेली असते.

तुम्ही साताऱ्याचा इशारा लावा, आणि त्यातही घाट भागाचा. हवामान विभाग हल्ली सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांच्या घाटांचा इशारा वेगळा देतो. 'मौसम' ॲपमध्ये सातारा आणि महाबळेश्वर ही ठिकाणं घालून ठेवा. 'सचेत' ॲपमध्ये राज्य आणि जिल्हा निवडता येतो, तिथे सांगली आणि सातारा दोन्ही निवडा. पुण्यात बसून इशारा मिळवायचा तुमचा मार्ग हाच.

रंगांचा अर्थ: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीला लागा, लाल म्हणजे आता हालचाल करा. पावसाच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिमीच्या वर मुसळधार, 115.6 च्या वर अतिमुसळधार आणि 204.5 च्या वर अतितीव्र. आमच्या घाटमाथ्यावर एका दिवशी 200 मिमी पडणं नवलाचं नाही, त्यामुळे एका लाल रंगाने घाबरू नका. घाटाला सलग दोन-तीन दिवस नारंगी-लाल रंग आणि कोयना धरण आधीच भरत आलेलं, असा योग आला की ट्रॅक्टरवाल्याला फोन करा.

कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). जुलैच्या अखेरीस धरण किती भरलं आहे हे रोजच्या बातम्यांत असतं. नुसत्या धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून 2100 क्युसेक (सेकंदाला घनफूट) सोडले तर नदीला जाणवतही नाही. सहा वक्र दरवाजे उचलले की मग आकडा बघायचा. "कोयनेतून विसर्ग सुरू" एवढ्याच मथळ्यावर आईला फोन करू नका, आधी किती क्युसेक ते वाचा.

---

मळीरान

@घाटमाथा_सातारा, साताऱ्याचा इशारा लावायचा हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी मेपासून सांगलीचंच पान उघडून बसले आहे. आणि @रेंज_आहे_का, ते टॉवरचं वाचून बरंच कोडं उलगडलं. आईला मेसेज यायचा आणि मला कधीच नाही, मला वाटायचं माझ्या फोनमध्ये बिघाड आहे.

आता पुढचं विचारते. पाऊस आणि विसर्ग कळला, पण पाणी भिलवडीला कधी पोचेल याचा अंदाज कशावरून बांधायचा?

---

हरिपूरकर

आम्ही सांगलीत पूल मोजत बसतो, तुम्हीही तेच करा.

पावसाळ्यात पाटबंधारे खातं पाणीपातळीचं पत्रक काढतं. त्यात एकाखाली एक नावं असतात: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, सांगलीचा आयर्विन पूल. नदी याच क्रमाने खाली येते. तुमच्यासाठी पहिली घंटा कराड, कारण कोयना तिथेच कृष्णेला मिळते. कराड चढायला लागलं आणि पाठोपाठ बहे, ताकारी चढलं, की ते पाणी तुमच्याकडे निघालेलंच आहे. भिलवडीच्या आकड्याची वाट बघत बसलात तर ओढा फुगलेला असेल.

एकच आकडा पाहू नका, दोन पत्रकं शेजारी ठेवा. पातळी किती आहे यापेक्षा मागच्या पत्रकापासून ती किती फूट चढली हे जास्त कामाचं. आयर्विनला इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45. 2019 ला ती 57 फुटांच्या वर गेली होती. आयर्विन तुमच्या खाली असला तरी त्याच्याकडे लक्ष असू द्या. वारणा आमच्या हरिपूरला मिळते, ती फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही आणि वरच्या गावांत तुंबून राहतं. त्यात ब्रह्मनाळला येरळा मिळते. 2019 ला तिथे बोट उलटून माणसं गेली, ते तुमच्या भागात कुणी विसरलेलं नाही.

केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' ॲपही घ्या, 2023 मध्ये आलं आहे. नकाशावर नदीवरची केंद्रं रंगीत ठिपक्यांनी दाखवतात. पण रंगांची गल्लत करू नका! हवामान विभागाचा नारंगी म्हणजे पाऊस येणार आहे, तयारी करा. जल आयोगाचा नारंगी म्हणजे नदीने धोक्याची पातळी ओलांडलीसुद्धा. तिथला लाल म्हणजे आजवरचा सगळ्यात मोठा पूरही मागे पडला. भाऊ मस्कतहून ॲप बघणार असतील तर हे त्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर नारंगी बघून ते "अजून वेळ आहे" म्हणतील.

---

वाशिष्ठी_तीर

धाग्यात घुसतेय, आमचं चिपळूणचं वेगळं आहे म्हणून. तुमच्याकडे पाणी सांगून येतं, आमच्याकडे एका रात्रीत. 22 जुलै 2021 ला पहाटे जाग आली तेव्हा पाणी जिन्यात होतं. वीज गेलेली, थोड्या वेळात मोबाइलही मुके. त्यानंतर कितीही ॲप असती तरी काय कामाची?

म्हणून एक कळकळीने सांगते, इशारा मिळवायची सगळी व्यवस्था नेटवर्क जायच्या आधीची असते हे धरूनच चला. लाल इशाऱ्याच्या संध्याकाळी फोन, पॉवर बँक, बॅटरी पूर्ण चार्ज. घरात सेलवर चालणारा रेडिओ असू द्या, तुमच्याकडे आकाशवाणी सांगली लागतं. आणि घरच्यांशी आधीच ठरवा की अमुक आकडा झाला की निघायचं, मग फोन लागो न लागो. आम्ही आता आमची वाशिष्ठी नदी 5 मीटरला, म्हणजे इशारा पातळीला, गाड्या वर नेऊन लावतो. धोक्याच्या 7 मीटरची वाट बघत नाही.

---

बांधावरून

आण्णांच्या साध्या फोनसाठी एक उपाय. आमच्या नगर जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल-फ्री क्रमांकावर फोन करून बोललं की तोच आवाज गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर कॉलच्या रूपाने जातो. चोर, बिबट्या, आग, पूर, सगळ्याला चालतं. कॉल असल्यामुळे वाचता येण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या गावात ती सुरू आहे का ते पोलीस पाटलांना किंवा पोलीस ठाण्यात विचारा. असेल तर आण्णांचा नंबर त्यात घालून घ्या. इथे मात्र नोंदणी लागतेच.

ती नसेल तर ग्रामपंचायतीचा भोंगा आणि तलाठ्यांचा व्हॉट्सॲप गट. गटात आईचा नंबर टाकायला सांगा, आणि तुमचाही. सहसा नाही म्हणत नाहीत.

'दामिनी' पण आईच्या फोनवर असू द्या. ती विजेसाठी आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेली. आपण आहोत तिथून 20 आणि 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर सांगते. पुराशी संबंध नाही, पण वळवाच्या दिवसांत आण्णा म्हशी घेऊन रानात असतील तर उपयोगी. 'मेघदूत' शेतीच्या सल्ल्यासाठी, ते मागाहून घेतलं तरी चालेल.

---

मळीरान

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून जे केलं ते लिहिते, म्हणजे कुणाचं सुचवणं राहिलं असेल तर कळेल.

माझ्या आणि भावाच्या फोनवर सचेत आणि मौसम घेतलं, दोन्हींत सातारा आणि सांगली लावलं. फ्लडवॉच फक्त मी बघणार, आईला त्यात गुंतवणार नाही. शेजारच्या मुलाने आईच्या फोनचं सेटिंग बघितलं, इमर्जन्सी अलर्टची बटणं बंदच होती. आता चालू आहेत. आण्णांच्या फोनमधले जुने मेसेज त्यानेच काढून टाकले.

आण्णांशी आकडा ठरवायला गेले तर ते म्हणाले, "मला फूट-बीट सांगू नको, मळीतल्या विहिरीच्या कठड्याला पाणी लागलं की मी जनावरं सोडतो." त्यांचा कठडा आणि पत्रकातला भिलवडी पुलाचा आकडा यांचा मेळ या पावसाळ्यात घालायचा असं आमचं ठरलं आहे. पाणी कठड्याला लागलं की ते मला फोन करणार आणि मी त्या वेळचा आकडा लिहून ठेवणार.

एकच शंका उरली. रात्री दोन वाजता पातळी कळायला हवी असेल आणि पत्रक सकाळचंच असेल, तर विचारायचं कुणाला?

---

हरिपूरकर

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, 1077. पावसाळ्यात रात्रंदिवस चालू असतो. आई-आण्णांनी गावातून थेट 1077 लावायचा. तुम्ही पुण्याहून लावताना आधी सांगलीचा कोड 0233 जोडा, नाहीतर फोन पुण्याच्या कक्षात लागेल. भावाने परदेशातून या क्रमांकाच्या भरवशावर राहू नये, कक्षाचा दहा आकडी नंबर जिल्ह्याच्या संकेतस्थळावरून घेऊन ठेवावा. आणि पाणी अंगणात आलं, कुणी अडकलं, तर 1077 च्या नादी न लागता 112.

फोन उचलला की "पूर येणार का" असं विचारू नका, "कराड आणि ताकारीची शेवटची नोंद किती वाजताची आणि किती" एवढंच विचारा. आकडा लगेच मिळतो.