ईस्टरचे पोकळ बन: शिवण उसवते, पाक बाहेर येतो

शब्बाथशाळा_नगर

सलाम मंडळी.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, उपासना संपल्यावर शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या) मुलांकडून रिकाम्या कबरेचे बन करून घ्यायचे आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिठाच्या गोळ्यात मार्शमेलो (मऊ, फुगीर साखरेची मिठाई) भरून भाजायचा, तो आत वितळतो आणि बन फोडला की आतून रिकामा. मुलं २४, वयं ६ ते १३. हाताशी २८ लिटरचा ओटीजी (टेबलावरचा विजेचा ओव्हन), फ्रिज आणि दोन शेगड्या. एप्रिलमुळे हॉलमध्ये अकरा वाजताच ३५ अंश असतात.

चाचणीचं प्रमाण असं होतं: मैदा ५०० ग्रॅम, दूध ३०० मिली, यीस्ट ७ ग्रॅम. मार्शमेलो वितळलेल्या बटरमध्ये बुडवून दालचिनी-साखरेत घोळवला, गोळ्यात भरला, ४० मिनिटं फुगू दिला, २०० अंशांवर १५ मिनिटं भाजला. सहापैकी चार फुटले, पाक ट्रेवर जळून काळा झाला. जे दोन शाबूत राहिले त्यांत पोकळी नावालाच, आतली भिंत ओलसर चिकट.

आणखी दोन गोष्टी. काही मुलं शाकाहारी आहेत आणि शेजारच्या इमारतींतली ख्रिस्ती नसलेली पाच-सहा मुलंही येतात. त्यांच्यासमोर गोष्ट कशी आणि किती सांगावी?

---

पीठमळणी

चुका तीन आहेत आणि तिन्ही तुमच्या प्रमाणातच दिसतात.

पहिली, बटर. मार्शमेलो बटरमध्ये बुडवला की तो भरताना ओघळ पिठाच्या कडेला लागतो. तूप लागलेली कड कधीच चिकटत नाही, करंजी उसवते ती याच कारणाने. बुडवू नका, ब्रशने जेमतेम ओला करा. २४ नगांना ३० ग्रॅम बटर पुरतं. साखर ८० ग्रॅम, त्यात दालचिनी पूड २ छोटे चमचे. बटर-साखर एकाने लावायची आणि गोळा दुसऱ्याने वळायचा, म्हणजे तुपकट बोटं शिवणीपर्यंत जातच नाहीत. मुलांच्या जोड्या लावायलाही हे बरं.

दुसरी, ४० मिनिटं. भरलेला गोळा इतका वेळ ठेवला की मार्शमेलो पिठातला ओलावा ओढून घेतो आणि शिवणीजवळच विरघळायला लागतो. जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास सैल पडतं, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये ओव्हनच्या आधीच काम सुरू. वरून पीठ जास्त फुगून भिंत कमजोर. भरल्यावर १५ मिनिटं पुरे, फार तर २०. मार्शमेलो अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून मगच वापरा. साखरेमुळे त्यांचा दगड होत नाही, पण ताठ राहतात आणि उशिरा वितळतात.

तिसरी, २०० अंश. पोकळी कशी होते ते लक्षात घ्या. मार्शमेलो म्हणजे साखरेचा फेस. तापला की त्यातली हवा पसरते, तो फुगतो आणि भिंतीला बाहेर ढकलतो. मग फेस मोडतो, पाक भिंतीत मुरतो आणि जागा रिकामी उरते. ती टिकायची तर तोवर भिंत भाजून उभी राहिलेली हवी. २०० वर वरचा पापुद्रा आधी कडक होतो, ताणला जात नाही, मग दाब कच्च्या शिवणीतून वाट काढतो. १८० ठेवा, दोन्ही रॉड, मधली खाच, १५ ते १७ मिनिटं. आणि ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. आत टांगायचा थर्मामीटर घ्या, २० अंशांचा फरक सर्रास असतो.

२४ नगांचं प्रमाण: मैदा ६०० ग्रॅम, गार दूध ३७० मिली, साखर ६० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम (खारं बटर असेल तर ९), इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मऊ बटर ५० ग्रॅम. थंडीत यीस्ट ७ लागेल, एप्रिलमध्ये ५ च. दूध फ्रिजमधलं घ्या, कोमट नको. बटर शेवटी घालून एकूण १० ते १२ मिनिटं मळा. पीठ ओढल्यावर पातळ पडदा धरलं पाहिजे. हे झालं नाही तर पुढचं सगळं फुकट, भिंत ताणायच्या ऐवजी फाटते. ३५ अंशांत दुप्पट व्हायला ४०-४५ मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा.

४५ ग्रॅमचे गोळे. हाताने १० सेंटीमीटरची चकती करा. मध्य जाडसर आणि कड पातळ, पुरणपोळीचा उंडा भरतो तशी. लाटणं नको, सगळीकडे सारखी जाडी होते आणि तोंड मिटवताना पिठाची गाठ तळाशी जमते. तुमच्या चिकट भिंतीतला अर्धा दोष त्या गाठीचा असणार. कडेचा दीड सेंटीमीटर कोरडा आणि स्वच्छ राहू दे, मग ओल्या बोटाने पुसा, चुण्या गोळा करून चिमटा आणि पीळ द्या. शिवण खाली.

गोळा सपाट ट्रेवर नको. मफिन ट्रे किंवा बटर लावलेली स्टीलची वाटी घ्या. शिवण उसवलीच तर पाक वाटीत राहतो आणि बनलाच परत लागतो.

मार्शमेलो मोठा हवा, साधारण ६-७ ग्रॅमचा. छोट्या पाकिटातले तीन-चार कोंबले तर एकाऐवजी तीन-चार बारीक भोकं पडतात.

---

हिरवा_ठिपका

शाकाहाराचं थोडक्यात. नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं. हिरव्या ठिपक्याचे मिळतात, त्यात बहुधा कॅराजीनन किंवा अगर-अगर असतं, दोन्ही समुद्री शेवाळापासून केलेली. दोन वेगळी पाकिटं ठेवण्यापेक्षा सगळ्यांसाठी हिरव्या ठिपक्याचेच आणा, नाहीतर टेबलावर अदलाबदल ठरलेली.

मात्र हे सगळे सारखे वितळत नाहीत, काही नुसते मऊ होऊन बसून राहतात. खरेदीआधी एक वाटीत ठेवून १८० वर ६-७ मिनिटं द्या. फुगून सपाट झाला तर पास. आकार धरून राहिला तर बनमध्येही तसाच राहील आणि कबर काही रिकामी होणार नाही.

पाकिटावर अंडं आणि दुधाच्या नोंदीही बघा. पीठमळणींचं प्रमाण बिनअंड्याचं आहे, त्यामुळे तो प्रश्न सुटतो. वरून चमक हवी तर दूध लावा.

---

दुसरी_घंटा

बेकिंगवर बोलणारे इथे आहेत, मी गोष्टीवर लिहितो.

या बनवर सरसकट सांगतात: मार्शमेलो म्हणजे शरीर, दालचिनी म्हणजे स्त्रियांनी लावलेली सुगंधी द्रव्यं, पीठ म्हणजे कफन, ओव्हन म्हणजे कबर. यात एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. मार्क १६:१-२ नीट वाचा. स्त्रिया सुगंधी द्रव्यं घेऊन आल्या त्या रविवारी पहाटे, आणि त्यांना ती लावायला मिळालीच नाहीत. तागाच्या वस्त्रांत जी द्रव्यं होती ती येशूला पुरताना मदतीला आलेल्या निकदेमाने आणलेली (योहान १९:३९-४०). गंधरस आणि अगरू मिळून शंभर लित्रा, आजच्या मापाने ३० किलोंहून जास्त. हा आकडा मुलांना सांगा आणि शेजारी दालचिनीची वाटी ठेवा. चमचाभर पुडीपुढे तांदळाचं भरलेलं पोतं डोळ्यांसमोर आलं की माणूस श्रीमंत होता की वेडा, हे मुलंच विचारतात.

शेवटी एकत्र प्रवचन नको, हात चालू असतानाच सांगा. साखरेत घोळवताना निकदेम. पिठात गुंडाळताना तागाची वस्त्रं. शिवण चिमटताना मत्तय २७:६६, कबरेच्या तोंडावरच्या धोंडेला शिक्का मारून पहारा बसवला. त्यावर चिमटा जरा जास्तच घट्ट बसतो, म्हणजे पीठमळणींचंही काम होतं. ओव्हनचं दार लागलं की गप्प, सगळे बसलेले. भाजायच्या वेळात योहान २०:१-१८ एकाने मोठ्याने वाचायचं, तीन-चार मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात टाळ घेऊन भजन. ही गोष्ट मराठीत सांगायला परकी चाल आणावी लागत नाही. गोव्यातले मिशनरी फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत छापलं, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर कीर्तनालाच उभे राहायचे. वाद्यांचा फार पसारा मात्र मांडू नका, टायमर ऐकू आला पाहिजे.

बन फोडल्यावर दहा-बारा वर्षांचं एखादं पोर हमखास विचारणार: मार्शमेलो वितळून पावात गेला, मग येशूचं शरीरपण वितळलं का? याचं उत्तर आधी तयार ठेवा. ‘नाही. बन फक्त एवढंच दाखवतो की आत कोणी नाही. येशू विरून गेला नाही, तो उठला. लूक २४:४१-४३ मध्ये तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो.’ उपमा जिथे थांबते तिथे आपणही थांबायचं. मार्शमेलो पांढरा म्हणजे निष्पाप, गोड म्हणजे प्रेमळ, असं ताणत गेलात तर मोठी मुलं हसतात आणि त्यांचं चुकत नाही.

ख्रिस्ती नसलेल्या मुलांबद्दल. आईवडिलांना आधी सांगायचं, आणि गोल गोल नाही. संदेश असा चालेल:

‘नमस्कार. रविवारी ११ ते १ चर्चच्या हॉलमध्ये मुलं ईस्टरचे बन करणार आहेत. त्या वेळी येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट बायबलमधून वाचली जाईल आणि भजन होईल. पदार्थ शाकाहारी, बिनअंड्याचा, त्यात मैदा, दूध, साखर, दालचिनी आहे. मुलाला पाठवायचं असेल तर कळवा. कोणत्याही पालकांनी सोबत बसायला हरकत नाही.’

‘बेकिंगचा कार्यक्रम’ एवढंच लिहून बोलावणं आणि मग गोष्ट सांगणं ही फसवणूक आहे. सुवार्तेला ती शोभत नाही, आणि शेजारही दुरावतो. प्रार्थनेच्या वेळी ‘ज्यांना नको ते नुसते बसा’ एवढं म्हणा. हात जोडायला लावू नका, ‘कोणाला विश्वास ठेवायचाय, हात वर करा’ हे तर मुळीच नको. जे मूल गोष्टीला आलं नाही त्याच्या घरीही बन द्या. खाऊ आणि गोष्ट यांचा सौदा होता कामा नये. पुढे कोणी स्वतःहून विचारलं तर १ पेत्र ३:१५ आहेच: उत्तर तयार ठेवा, पण सौम्यतेने द्या.

---

शब्बाथशाळा_नगर

निकदेमाचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. आता गणित अडतंय. माझ्या ओटीजीत सहाचाच मफिन ट्रे बसतो. २४ म्हणजे चार घाणे, सव्वा तासाच्या वर जातो. शेवटच्या मुलांचे गोळे तोवर फुगून बसतील. ओळखीच्या बेकरीत भाजून घेतलं तर?

---

पीठमळणी

मफिन ट्रे सोडा. ७ सेंटीमीटर तोंडाच्या अॅल्युमिनियम फॉइलच्या वाट्या आणा. ३० बाय २४ च्या ट्रेवर ४ × ३ अशा १२ बसतात. दोन घाण्यांत काम होतं. ट्रे भरलेला असल्याने दोन मिनिटं जास्त लागतील, आणि ९ मिनिटांनी ट्रेची मागची बाजू पुढे येईल असा फिरवा. मागची बाजू नेहमी आधी लाल होते. त्याआधी दार उघडू नका, भिंत उभी राहण्याआधी गार हवा लागली की बन बसतो.

पीठ साडेनऊला मळा, सव्वादहाला गोळे करून सगळे फ्रिजमध्ये, वर ओलं फडकं. अकराला मोठी मुलं १२ भरतील, तोवर लहानांची गोष्ट आणि भजन. पहिला ट्रे आत गेला की दुसरे १२ गोळे बाहेर काढा. फ्रिजमधला गोळा लगेच ताणला जात नाही, ओढला की परत आखडतो. पाच मिनिटं थांबून मग चकती करा.

बेकरीचं. दिवाळीत नानकटाई भाजून देतात तसं देतीलही, पण लाकडाच्या भट्टीत पावाच्या वेळी हा बन पाच मिनिटांत काळा होतो. पावाचे घाणे निघून भट्टी उतरल्यावरच विचारा. शिवाय मुलांसमोर दार बंद होणं आणि उघडणं यातच या बनची मजा आहे. बेकरीतून तयार डबा आला तर नुसता बन उरतो.

बाहेर काढल्यावर बारा मिनिटं कोणाला हात लावू देऊ नका. आतला पाक जिभेला चिकटून भाजतो, चहासारखा ओसरत नाही. सुरी नको, भिंत दबते. हातानेच मधोमध फाडायचा. आत ओलसर लकाकी दिसली तर तो पाक आहे. कच्चं पीठ पांढरट दिसतं आणि बोटाला तारा सुटतात. शंका असेल तर एक बन फोडून बघा, बाकीच्यांना आणखी दोन मिनिटं द्या.

---

कढई_चर्च

ज्या मंडळीत ओव्हनच नाही त्यांच्यासाठी: पुरी. टम्म फुगलेली पुरी फोडली की तीही रिकामीच असते. निकदेम आणि गुंडाळणं त्यात येत नाही, पण रिकामेपणा येतो, आणि एका मिनिटात.

कणीक ३०० ग्रॅम, बारीक रवा १ मोठा चमचा, मीठ, १ छोटा चमचा तेल, पाणी १४० मिलीच्या आसपास. घट्ट मळून १५ मिनिटं झाका. साधारण २० पुऱ्या होतात, ८ सेंटीमीटरच्या. लाटताना कोरडं पीठ नको, तेलाचं बोट लावा. पुरी फुगत नाही त्याची कारणं ठरलेली: लाटताना घडी किंवा चीर पडली, एक बाजू पातळ राहिली, तेल पुरेसं तापलं नव्हतं, किंवा लाटलेल्या पुऱ्या पंख्याखाली वाळल्या. मुलांनी लाटायचं, तळायचं मोठ्यांनीच, आणि कढईपासून मुलांचं टेबल दोन मीटर लांब.

---

शब्बाथशाळा_नगर

फॉइलच्या वाट्या १२ आणू की २४?

---

पीठमळणी

२४. पहिल्या घाण्याच्या गरम वाटीत दुसरा गोळा ठेवला की मार्शमेलो तळाकडून लगेच सुटतो.